ओट्यावरच्या केक पॉप्सना हात लावू नकोस

दादा,

ओट्यावरच्या केक पॉप्सना हात लावू नकोस. तू भुकेला येशील, म्हणून सगळ्यात आधी हेच लिहिते आहे.

आज पहिल्यांदाच करून पाहिले. केक कुस्करून क्रीममध्ये मळला, गोळे वळले, काड्या खोचल्या. गोळे नीट गार झाले नव्हते, त्यामुळे चॉकलेटमध्ये बुडवले की काडीवरून घसरत होते. तुझी छकुली हसून हसून लोळत होती. आई म्हणाली, "दे ग इकडे, वरून साखर मी भुरभुरते." मी फोन घ्यायला आत गेले, पाचच मिनिटं. परत आले तर तिच्या हातात मुंग्यांच्या पावडरीचा डबा.

गोळे वीस होते, आता एकोणीसच आहेत. आई आधी म्हणाली, मीच खाल्ला. मग म्हणाली, पोरीला दिला. छकुली नाही नाही म्हणते आहे, पण तिच्या ओठांना चॉकलेट आहे, आणि ते तर ती मघापासूनच चाटत होती. म्हणून दोघींनाही चौकातल्या हॉस्पिटलात नेते आहे. डबा सोबत घेतलाय. तुझा फोन लागत नाही. हे वाचलंस की तसाच निघून ये.

आईवर ओरडू नकोस. वय झालं की होतं असं, असं तूच म्हणायचास, आणि मीही ते ऐकून घेतलं.

आत्ता छकुलीच्या पायात चपला घालत होते, तर आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "गोड आहे ग पोर. कुणाची?"

धाकटी