सहाणेवरचं अर्धं गाऱ्हाणं

चि. संदेश यास धाकूदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे देवरूखला सगळी खुशाल. काजू यंदा बरा लागलाय आणि मी जिवंत आहे (हे दुसरं जेमतेम जमलं). परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की उजवा हात लुळा पडला, कप सुटला, पण घटकाभरात आपोआप बरं वाटलं म्हणून कामावर गेलास. मला काही हसू आलं नाही. का, ते ऐक (तुला घोर नको म्हणून आजवर सांगितलं नव्हतं).

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली आणि मी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो (आपल्या घराण्याचा मान, सोडतो कसला). सुरुवात झकास झाली. पुढे जीभ अशी वळली, की मी काय बोलतोय ते मलाच कळेना. पण आपला गाव भाविक. माझ्या प्रत्येक बरळण्याला खड्या आवाजात "व्हय म्हाराजा" चालूच. मी काय मागितलं देव जाणे, गावाने मात्र एकमुखाने मंजूर केलं. हातातला नारळ पडला, तर रामा गुरव म्हणाला, अंगात देवाचं वारं आलंय, कोणी शिवू नका. भागोजी तर पाया पडून नोकरीचं विचारू लागला.

तेवढ्यात तुझी वहिनी गर्दीतून थेट पुढे आली. (दवाखान्याच्या आशाताईंच्या आरोग्यसभेला ती चहासाठी जाते, असं मी वर्षभर म्हणत होतो.) मला म्हणाली, हसा. देवासमोर हसायचं कसं? तरी हसलो, तर तोंड एकाच अंगाला गेलं. हात वर करा म्हणाली, एकच वर झाला. "द्येव नाय तो, लकवा हाय. गाडी काडा," एवढंच मालन बोलली. कोणी कांदा आणला, कोणी लिंबूपाणी. तिने घोटभरही पिऊ दिलं नाही (ठसका लागून छातीत जातं म्हणे). बोलणं कधी बिघडलं ती वेळ मात्र रत्नागिरीपर्यंत घोकत होती. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं. वेळेत पोचलो, म्हणून डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. हात आता चालतो. लांब गाऱ्हाणं मात्र जिभेला झेपत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

तुझ्या लेकीला, आरोहीला गोड पापा.

तुझा,
धाकूदादा

ता. क. आपोआप बरं झालं ते बरं नव्हे रे. मोठा झटका कधी कधी असा आधी डोकावून जातो. त्याच दिवशी दाखवायला हवं होतंस. आजच्या आज जा.

ता. क. २. "रविवारी बघू" म्हणशील, ठाऊक आहे. म्हणून पत्र टपालात न टाकता मालनच्याच हाती दिलंय. तुला दवाखान्यात नेल्याशिवाय ती तुझ्या घरचा चहासुद्धा घेणार नाही. तिला ताटकळत ठेवू नकोस, चपला घाल.