तीन माणसं

कमलमावशी,

सोमवारी तुमच्या ईट गावात बायकांच्या रक्ताची तपासणी आहे. त्या तपासणीच्या यादीत तुमची सून करिश्मा नाही, असं आमच्या सरांनी आज फोनवर पक्कं सांगितलं. चूक माझी आहे.

बायकांच्या तब्येतीच्या आमच्या अभ्यासाचा फॉर्म मराठीत मी केला. पहिला प्रश्न होता, "घरात माणसं किती?" तुम्ही चुलीजवळूनच म्हणालात, "तीन." तुमच्याकडं माणसं म्हणजे फक्त गडीमाणसं, बाया त्यात धरत नाहीत, हे मला सुचलं नाही. मालक आणि दोन मुलगे अशी तीन नावं लिहून मी मोकळी झाले. त्या दिवशी तीस घरं उरकायची होती.

चहाचा कप पुढं करताना करिश्माची नखं पांढरीफटक दिसली. "लई चक्कर येती हिला," तुम्ही म्हणालात, "काम सांगितलं की जास्तच." ती हसली, मीही हसले.

ज्या घरात बाईची नोंद, तेच घर यादीत. आता नाव वाढवता येत नाही. परवा मी फोनवर म्हटलं, तिला भूमच्या दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणालात, "माणसं मोकळी झाली की नेतील की, बाई."

हे पत्र मी टाकणार नाही. ते वाचून दाखवायलाही तुम्हाला घरातलं माणूसच लागेल.

सोमवारी दहाला आमची गाडी तुमच्या शेजारी, अयोध्याबाईंच्या दारात थांबेल. करिश्मा बहुतेक चहा घेऊन बाहेर येईल. यादी माझ्याच हातात असेल.

तुमच्या घरचा चहा प्यालेली,
शिवांजली