मधल्या सुट्टीचा ठराव

औंध, शुक्रवार

प्रिय दादा,

फोनवर माझा आवाज जरा चढला की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे. आधी खुशाली. तुझी संयोगिता मजेत आहे. यमाईची यात्रा पाहिली, पाळण्यात बसली, दोन्ही हातांत बांगड्या भरून घेतल्या. रेश्मावहिनीला सांग, जेवतेही नीट.

आता राग. तू आष्ट्याच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालास तेव्हा मी इथे पेढे वाटले होते. आणि तू पहिलं काम काय केलंस, तर मधली सुट्टी बंद. दोन पोरांची मारामारी झाली, एकाचा दात पडला, लगेच ठराव: डबा वर्गातच, पंधरा मिनिटांत, तोंडावर बोट, उरलेल्या वेळात स्कॉलरशिपचा तास. सुभेदारसाहेबांनी शिस्त लावली म्हणून गावानं तुझी पाठ थोपटली. अरे, तुझ्या पलटणीत रोज संध्याकाळी गेम्स परेड असायची ना? ती चुकवली तर शिक्षा, असं तूच सांगायचास. मिशा फुटलेल्या जवानांना खेळायला लावायचं आणि दहा वर्षांच्या लेकरांना बाकाला बांधायचं, ही कुठली शिस्त?

मी बावीस वर्षं शिकवते आहे. मारामाऱ्या आमच्याही शाळेत होत्या. सुट्टीनंतर गणिताच्या तासाला पोरं एकमेकांना कोपरं मारायची. आम्ही सुट्टी तोडली नाही, नीट लावली. आधी खेळ, मग डबा, कारण खेळायच्या घाईत पोरं अर्धी भाकरी तशीच टाकून पळायची. अंगणात फक्कीनं पट्टे आखले, लंगडीचे वेगळे, लगोरीचे वेगळे. दर आठवड्याला सातवीतले दोघे लक्ष ठेवतात. भांडण झालं की डाव पुन्हा पहिल्यापासून. आमच्यापैकी एक जण झाडाखाली उभा असतो, पण शिट्टी खिशात. आणि कुणी मला घ्या म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. आता त्याच गणिताच्या तासाला मला आवाज चढवावा लागत नाही. तो सगळा तुझ्यासाठी शिल्लक राहतो.

हा शेवटचा नियम माझा नाही, तुझा आहे. मी पहिलीत होते, मोठ्या पोरी मला डावात घेत नव्हत्या. तू मधल्या सुट्टीत माझा हात धरून त्यांच्यात नेलंस आणि म्हणालास, "ही कच्चं लिंबू. बाद न्हाई व्हायची, पर खेळणार." वर्षभरानं तूच सगळ्यांसमोर जाहीर केलंस, "आजपास्नं ही पक्की." त्या दिवशी मी चौथ्या उडीला बाद झाले आणि घरी नाचत आले. ते सगळं विसरलास?

मंगळवारी संयोगिताचं दप्तर आवरताना तिची डायरी पाहिली. 'सतत चुळबुळ करते', 'बसत नाही', तीन लाल शेरे आणि तिन्हींखाली तुझी सही. बुधवारी मी तिला माझ्याबरोबर शाळेत नेलं. घंटा झाली, पोरं अंगणात धावली आणि ही भिंतीला टेकून उभी. पोरींनी लंगडीला हाक मारली तशी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आत्ती, पळू का?" मला रडू आवरेना. पळायला परवानगी मागणारी पोर आपल्या घरात निघाली, दादा, आणि ती तू केलीस. काल मात्र तिला विचारावं लागलं नाही. धापा टाकत वर्गात आली, डबा खाल्ला आणि पुढचा सगळा तास मान खाली घालून गणितं सोडवत बसली. चुळबुळ नाही, काही नाही.

रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस, म्हणून हे पत्र. वहिनीशी माझं बोलणं झालंय. "वन्सं, आता तुमीच सांगा त्यास्नी," म्हणाली. तर येताना सुट्टी पुन्हा सुरू केल्याचा ठराव घेऊन ये, नाहीतर संयोगिताचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ये. आमच्या पाचवीच्या हजेरीत मी शेवटची ओळ तिच्यासाठी कोरी ठेवली आहे. दोन्हीतलं काहीच हातात नसेल, तर चहा पी, यमाईचा प्रसाद घे आणि एकटा परत जा.

तू पक्की केलेली, तुझीच
क्रांती