साक्षीच्या फुल्या

१७ जून, सोमवार

नवी वही, नवा संकल्प. सहासष्टाव्या वर्षी संकल्प करू नये असा कायदा नाही.

आजपासून नात साक्षी शाळा सुटली की माझ्याकडे. पहिलीत आहे. साडेबाराला बस खाली सोडते, साडेसहाला आई घेऊन जाते. मंदारने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. बघून सांगते म्हटलं. बघण्यासारखं काही नव्हतं, माझा नवरा मुकुंद गेल्यापासून दुपार रिकामीच असते. पण आईने मुलाला चटकन हो म्हणू नये.

सूनबाई चैताली पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, लॅब सांभाळते. हाताखाली चाळीस माणसं. शिकली म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत, खाली सतरंजीवर बसून. शेठशी गुजराती, कारागिरांशी हिंदी, आईशी फोनवर अहिराणी. इंग्रजी असं की 'ही डोन्ट नो' म्हणते आणि तिचा पगार वाढतो. मी कॉन्व्हेंटची. विमा कंपनीत चौतीस वर्षं निर्दोष इंग्रजी. लागले असिस्टंट, निवृत्त झाले असिस्टंट. जगात न्याय असता तर ही वही मी लिहिलीच नसती.

रोजनिशी मराठीत का? कारण ती खाजगी आहे. इंग्रजी ही लोकांसमोर बोलायला असते.

१९ जून, बुधवार

साक्षी फार बोलते. चपला काढता काढता सुरू. बसमध्ये कोण ओकलं, टीचरच्या ओढणीला कशी गाठ पडली, मांजर लग्न करतं का. आणि भाषा! अर्धी मराठी, पाव गुजराती, उरलेली भयंकर. आज म्हणाली, आजी, माले भूक लागनी. माझ्या घरात, माझ्या डायनिंग टेबलावर.

हे येतं नवागामहून. तिथे तिची दुसरी आजी, धुरपदाबाई. दर रविवारी मुलीला तिकडे नेतात. बाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते, सही येत नाही, अंगठा लावते. मी माणसामाणसांत भेद मानत नाही. पण फरक दिसतो त्याला मी काय करू?

संकल्प: तीन महिन्यांत साक्षीचं इंग्रजी शुद्ध करणे.

२० जून, गुरुवार

पद्धत ठरली. फ्रिजवर तक्ता. घरात इंग्रजीखेरीज शब्द निघाला की लाल फुली. दिवसात पाचांहून जास्त फुल्या झाल्या तर कार्टून बंद. मारणं नाही, ओरडणं नाही. अगदी शास्त्रीय.

पहिला दिवस: सत्तावीस फुल्या. मुलीने विचारलं, आजी, ही फुली कशाची? त्या प्रश्नालाही एक फुली.

२६ जून, बुधवार

चौदा. प्रगती आहे. आज तिने मांजराची गोष्ट मध्येच सोडली. कॅटच्या लग्नाला काय म्हणतात ते आठवेना. मी सांगितलं नाही. शोधल्याशिवाय शिकत नाहीत.

१ जुलै, सोमवार. सकाळी

महाराष्ट्र मंडळाच्या महिला विभागाची सेक्रेटरी रुपाली आली होती. अठ्ठावीस तारखेच्या कार्यक्रमात बोलाल का, म्हणाली. विषय: बालपणाचे संस्कार आणि यशस्वी आयुष्य. वीस मिनिटं. विजयाताई, तुमच्यासारखं इंग्लिश आपल्या मंडळात कोणाचंय, असंही म्हणाली. मुलगी हुशार आहे.

समारोपाला साक्षीकडून एक इंग्रजी कविता म्हणवून घेईन. सिद्धांत आणि पुरावा, दोन्ही एका स्टेजवर.

२ जुलै, मंगळवार

भाषणाची टिपणं.

मुद्दा एक. मला कोणी घडवलं? सिस्टर अगाथा यांनी. दुसरीत असताना मधल्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीला मराठीत हाक मारली. सिस्टरनी पुठ्ठ्याची पाटी गळ्यात अडकवली, 'मी अडाणी भाषा बोलते' अशा अर्थाची. घरी जाताना काढू दिली नाही. बाबा रेल्वेत होते, उधना यार्डापासून क्वार्टर्सपर्यंत सगळ्यांनी वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी विचारून घेतली.

मुद्दा दोन. परिणाम काय? पाटी पुन्हा कधीही घालावी लागली नाही. कारण त्यानंतर चार महिने मी शाळेत तोंड उघडलं नाही. वर्षअखेर चांगल्या वर्तणुकीचं पहिलं बक्षीस मला. याला संस्कार म्हणतात.

प्रमोशनच्या इंटरव्ह्यूंचा उल्लेख टाळावा. तीनदा बोलावलं. तीनदा समोरच्या साहेबाने साधाच प्रश्न विचारला आणि तीनदा माझा घसा बसला. एसीमुळे. तिन्ही वेळा ऑफिसं वेगळी होती, पण एसी सगळीकडे सारखाच वाईट.

८ जुलै, सोमवार

सहा फुल्या. रुपालीचा फोन: वक्ते वाढलेत, वीसऐवजी दहा मिनिटं चालतील ना? म्हटलं, चालतील. दहा मिनिटांत सांगायला जास्त बुद्धी लागते.

११ जुलै, गुरुवार

दोन.

१५ जुलै, सोमवार

शून्य! पूर्ण दुपार एकही फुली नाही. येस आजी, नो आजी, थँक्यू आजी. बाकी शांतता. तक्त्याचा फोटो काढून मंदारला पाठवला. त्याने 'हं' लिहिलं. तो लहानपणापासूनच कमी बोलतो. हा माझा गुण त्याने घेतला.

१९ जुलै, शुक्रवार. रात्री ८

चैताली आज वर आली. एरवी खालूनच हॉर्न देते. साक्षीच्या टीचरने बोलावलं होतं म्हणे. पोरगी वर्गात बोलत नाही. बाथरूमला जायचंय हेसुद्धा सांगत नाही. घरी बोलत नाही. फक्त रविवारी नवागामला बोलते.

मी म्हटलं, म्हणजे दोष नवागामचा.

चैतालीने फ्रिजवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, आई, माझ्या लॅबमध्ये रंग बिघडला ना, तर आम्ही कापडाला नाही ओरडत. बघतो काय टाकलंय. मी विचारलं, हे तू कोणाला म्हणतेस? तर म्हणाली, कापडाबद्दल बोलतेय.

पुढचं मात्र तिने स्पष्ट सांगितलं. दुपारी साक्षीला तिच्या आईकडे ठेवायचा विचार आहे. मी म्हटलं, अठ्ठावीसचा कार्यक्रम होऊ दे. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर कविता म्हणेल, मग ठरवा. तयार झाली. नाखुशीने का होईना.

म्हणजे माझ्या दुपारी आता एका कवितेवर अवलंबून. चिंता नाही. आठ ओळींची तर आहे.

२४ जुलै, बुधवार

तालीम. साक्षीला आठही ओळी पाठ आहेत, कारण तिचे ओठ हलतात. आवाज येत नाही. मोठ्याने म्हण म्हटलं तर ओठही थांबतात. आवाज ती कार्यक्रमासाठी राखून ठेवते आहे. मीही तसंच करायचे.

रुपालीचा फोन: पाच मिनिटं, विजयाताई, जरा आटोपशीर. पाच!

संकल्प: साक्षीला तीन दिवस अजिबात टोकायचं नाही.

२५ जुलै, गुरुवार

'पोयम'चा उच्चार चुकीचा केला. टोकावं लागलं.

२८ जुलै, रविवार. संध्याकाळी

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. पुढे लोक वेगळं सांगतील.

हॉल भरला होता. धुरपदाबाई पहिल्या रांगेत, पाय वर घेऊन. मी बारा पानं घेऊन उभी राहिले. नमस्कार म्हणाले. पुढे माइकमध्ये दोष होता. आवाज फुटेना. माइकवाला संदीप म्हणाला, मावशी, माइक चालू आहे, तुम्ही बोला तर खरं. हसले लोक. हॉलमध्ये एसी होता. मी कुणाला दोष देत नाही.

प्रसंगावधान राखून साक्षीला पुढे केलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. कविता म्हण म्हटलं. ती लोकांकडे बघत राहिली. मी फक्त दंडाला हात लावला. चिमटा नव्हता, हात होता. तशी तिने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. आतून काही बाहेर पडू नये असे. नाकानेच श्वास घेत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला फार वाटला.

धुरपदाबाई स्टेजवर आल्या. अनवाणी. कोणाला विचारलं नाही. पोरीला उचलून कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या घोडीला. जाता जाता मला म्हणाल्या, विहीणबाई, पोर शे ती, पोपट नही.

मग वेळ भरून काढायला रुपालीने चैतालीला उभं केलं. तयारी शून्य. लहानपणी आई खडे चिकटवत बसायची आणि मी शाळेतलं सगळं तिला सांगायचे, म्हणाली. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने मला कधी मध्ये थांबवलं नाही, म्हणून आज चाळीस पुरुषांशी बोलताना मला भीती वाटत नाही. एवढंच. विषयाची मांडणी नाही, उपसंहार नाही. टाळ्या मात्र कडकडून.

२९ जुलै, सोमवार

मंदारचा फोन. आई, साक्षी आजपासून नवागामला. मी म्हटलं, मी तिला एक फटका तरी मारला का? आवाज तरी चढवला? तुला तरी कधी हात लावला का?

तो म्हणाला, नाही. हात नाही लावला. मला आठवतंय.

काय आठवतंय ते सांगितलं नाही. फोन ठेवला. बोलत नाही हो हा मुलगा, पहिल्यापासून.

३१ जुलै, बुधवार

विश्रांती हवीच होती. संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

तीन फोन केले. एकदा चुकून लागला, एकदा तब्येत विचारायला. तिसऱ्याचं कारण आठवत नाही.

साडेबाराला खाली गेले होते. भाजीसाठी. शाळेची बस थांबली नाही. ड्रायव्हरने हात केला.

७ ऑगस्ट, बुधवार

तक्ता काढला. फ्रिजला चिकटपट्टीचे डाग राहिलेत.

ठरलं. परवा स्वतः नवागामला जाणार. प्रस्ताव असा: आठवड्यातून दोनच दुपारी, फुल्या बंद, भाषा कोणतीही. एवढी माघार मी आयुष्यात कोणासमोर घेतलेली नाही. वाक्यं लिहून पाठ केली. धुरपदाबाईंना नमस्कार करून 'माझं थोडं चुकलं असेल' इथपर्यंत म्हणायची तयारी आहे. 'थोडं' ठेवायचं.

९ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ५

रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच सोडून गेला, आत वळत नाही म्हणे. दोन्ही बाजूंना लूमची खडखड. तिसऱ्या मजल्यावर खोली. लिफ्ट नाही.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर दम घ्यायला थांबले तेव्हा आवाज आला. साक्षीचा. थांबतच नव्हता. बसमधल्या मुलाचा दात पडला, तो त्याने गिळला, आता त्याच्या पोटात दात उगवेल का, आणि उगवला तर तो पोटात खाऊ खाईल का. सगळं अहिराणीत, गुजरातीत, कशातही. मध्ये मध्ये धुरपदाबाईंचा एकच शब्द. मंग? आणि पुन्हा ही सुरू. मंग?

पाठ केलेली वाक्यं मनात एकदा म्हणून बघितली, सगळी येत होती. वर गेले. दार उघडंच. चटईवर साडी पसरलेली, दोघी दोन टोकांना, साक्षीच्या बोटांना गोंद. धुरपदाबाईंनी मला बघितलं, चटकन पदर सारखा केला, या विहीणबाई, बसा, पाणी आणते, म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. तो असता तर बरं झालं असतं.

साक्षीने वर बघितलं आणि गप्प झाली. उठली, गोंदाचे हात मागे नेले, पाय जुळवले. गुड आफ्टरनून, आजी, म्हणाली. पुढे काही नाही.

मी पाणी प्याले आणि निघाले. घसा बसला होता, वाक्यं राहिली.

उच्चार मात्र अगदी स्वच्छ होता.