आईने पुन्हा मीठ खावे म्हणून

मी, इस्बर मित्री नासिफ, वय चोवीस, धंदा मिठागराचा, राहणार अन्फे, समुद्राकडची आळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, पण डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट सगळे म्हणतात, लिहू नकोस. अवघड शब्द पाद्रीबाबांकडच्या कोशात पाहून घेतले आहेत. तरीही कुठे चूक राहिली असल्यास तिचा अर्थ माझ्या आईच्या बाजूने लावावा.

१. वडिलांच्या मागे घरातला जो वाटा माझ्याकडे आला, तो मी आई तक्ला हिला देतो. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलून मग ओढावी, नाहीतर काच निखळते. हे मी दुरुस्त करणार होतो.

२. बँकेतली शिल्लक बहीण नजला हिला. तिने शाळा पुरी करावी. मला सहावीत सोडावी लागली आणि अजूनही साधा अर्ज लिहायचा म्हटला तरी माझ्या हाताला घाम येतो.

३. मिठागर, पवनचक्की, चाळण्या आणि दगडी उखळ हेही नजलाला. तिला सगळे येते, पण घाई करते, म्हणून लिहितो. वारा पडलेल्या दुपारी वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची पातळ साय धरते, ते मिठाचे फूल. ते चाळणीने अलगद उचलावे. फूल शिजत्या भांड्यात टाकणे म्हणजे वाया घालवणे. ते ताटात शेवटी भुरभुरावे: टोमॅटोच्या फोडीवर, उकडलेल्या अंड्यावर, ऑलिव्हचे तेल सोडलेल्या चक्क्यावर. तळाचे जाड मीठ ऑलिव्ह मुरवायला आणि द्राक्षाची पाने टिकवायला. मासा भाजायचा तर अख्खा, खवल्यांसकट जाड मिठात पुरावा. खवले काढले की आत खारट होतो. उखळात कुटलेले बारीक मीठ कणकेला आणि किब्ब्याच्या गोळ्यांसाठी कुटायच्या मांसाला. सर्वांत शेवटी खरवडून निघते ते करडे, मातकट मीठ. त्यात भोपळ्याच्या बिया भाजाव्यात आणि नीट चाळून घ्याव्यात. नजला, नीट चाळून.

४. वडिलांचे भाऊ नखले काका, किराणा दुकानदार, यांना मी काहीही देत नाही. त्यांनी कारखान्याचे मीठ आमच्या पोत्यांत भरून आमच्या नावाने विकले. त्यातलेच एक पोते मोसम संपल्यावर आमच्या घरी आले आणि त्यात मुरवलेले आईचे ऑलिव्ह मऊ पडले. मी दुकानात गेलो.

"काका, हे आमचं मीठ नाही."

"मीठ ते मीठ, शहाण्या! जिभेला काय पासपोर्ट लागतो?"

"आईचे ऑलिव्ह मऊ पडले."

"तुझ्या आईचा हातच ढिला, त्याला मी काय करू?"

गिऱ्हाइके हसली. मी घरी आलो आणि आईला यातले काही सांगितले नाही. ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, असे मला सांगण्यात आले आहे. म्हणून काकांनाच बोलावले. ते आले, हेही नोंदवतो. हे कलम वाचून दाखवले तेव्हा म्हणाले, "लिही बाबा, लिही. खरंच आहे ते." माझ्याकडून हा विषय संपला. आमच्या नावाची पोती तेवढी परत करावीत.

५. आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी मला मीठ बंद केले, त्या दिवशी आईने मिठाचा डबा आपल्या डोक्याच्या रुमालात बांधून कपाटावर ठेवला. मला वाटले, माझा हात पोचू नये म्हणून. मग लक्षात आले, तीही माझ्याच पातेल्यातले आळणी खाते.

"आई, तुझ्या ताटात तरी घाल."

"मला आवडतं आळणी."

"तुला? शेजारच्या नजीबच्या लग्नात मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याला रडवलं होतंस!"

"वय झालं की जीभ बदलते, राजा. जेव गप."

जुलैत ती वाफ्यातच चक्कर येऊन पडली. दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या बाईला मीठ हवेच, असे डॉक्टर तिला ओरडले. तिने मान हलवली आणि घरी येऊन आळणी डाळ खाल्ली. तेव्हा नजलाने सांगितले, आईने मठातल्या माउलीला नवस केला आहे.

ती नवस बोलली तेव्हा पाद्रीबाबा खूरी सिमआन तिथे होते. त्यांच्याकडून मी शब्द जसेच्या तसे घेतले: "माउली, हा मीठ खाईल त्या दिवशी मी खाईन. तोवर नाही."

मी बरा होणार नाही. माझ्यामागे हा नवस कधीच फिटणार नाही, आणि आई तो मोडणार नाही. ती पुन्हा पडेल. म्हणून ते शब्द मी लिहून काढले आणि पुष्कळदा वाचले. त्यांत 'बरा होऊन' असे कुठेही नाही. तिच्या मनात होते, पण तोंडून यायचे राहून गेले.

"देवाशी वकिली करतोस काय रे?" पाद्रीबाबा म्हणाले.

"नाही बाबा. काय लिहिलंय तेवढंच वाचतोय."

त्यांनी चष्मा पुसून तो कागद स्वतः वाचला. मग म्हणाले, "शब्द तेवढेच होते. मी साक्ष देईन."

चिमूटभराने काही बिघडणार नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतले आहे.

म्हणून आज आई मठात मेणबत्ती लावायला गेली असताना, दोन्ही साक्षीदारांसमोर, याच मोसमातल्या फुलाची एक चिमूट मी जिभेवर ठेवली आणि गिळली. नवस फिटला आहे.

हे आईला आज कळू देऊ नये. मी आळणी जेवतो आहे तोवर तिला वाटते, मी बरा होणार. तेवढे मी जिवंतपणी तिच्याकडून काढून घेणार नाही. मला पुरून सगळे घरी परतले की पाद्रीबाबांनी हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि नजलाने डबा खाली काढून तिच्यासमोर उघडावा. ती म्हणेल, खोटे आहे. तेव्हा काकांनीही सांगावे.

आई, फार चांगलं लागलं गं. आता तू घे.

सही: इस्बर मित्री नासिफ

आम्ही वरील मजकूर ऐकला व त्याला मीठ खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

साक्षीदार: १. खूरी सिमआन, पाद्री
२. नखले नासिफ, काका

अन्फे, क्रूसाच्या सणाचा आदला दिवस, १३ सप्टेंबर १९९७