वाळवणीच्या खोलीची खिडकी

दि. ४ जानेवारी

चि. धांदल्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तू कानीकपाळी ओरडलास म्हणून विद्यापीठाच्या लघुउद्योग केंद्राकडे साबणाच्या वड्या तपासायला पाठवल्या. उत्तर आलं, साबण उत्तम आहे! मग इथे फळ्यांवर तडकतात त्या वड्या कुणाच्या? दुकानदाराने बजावलंय, पुढचा माल असाच आला तर बंद. मग बाबांच्या कारखान्याला कुलूपच लावायचं.

आता तूच सांग, मी नीट पाहून, गुळगुळीत वड्या निवडून, कागदात गुंडाळून पाठवल्या होत्या. परक्यांच्या दारी फुटकं कसं पाठवायचं?

लोभ आहेच, तो वाढव. जेवणाची हेळसांड नको.

तुझी ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, आजारी माणसाला घरी ठेवून धडधाकट माणूस डॉक्टरकडे नेलास की तू! ऑफिसात एकटाच हसत बसलो. तडकलेल्या वड्या दाखव, त्या लोकांना घरीच बोलाव. आपल्यासारख्या छोट्या कारखान्यांसाठीच ते केंद्र आहे, लाजतेस कसली?

काल स्वप्नात मी आपल्या कोपऱ्यावर वळलो. साबणाचा वास आला, वर वाळवणीच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि जाग आली. मग कितीतरी वेळ आपलेच तळवे हुंगत बसलो.

आशीर्वाद असू दे, रागावलीस तरी.

तुझा धांदल्या

दि. २ फेब्रुवारी

चि. धांदल्यास अनेक आशीर्वाद.

केंद्राकडून रसायनशास्त्राच्या बाई दोन विद्यार्थिनींना घेऊन आल्या. मुलींनी वाळवणीच्या खोलीभर कागदाच्या पट्ट्या टांगल्या आणि आम्ही कारखान्यातल्या सगळ्या बघत राहिलो. बाकीच्या पट्ट्या झोपल्यासारख्या निवांत. खिडकीजवळच्या तेवढ्या हलत होत्या. बाई म्हणाल्या, खिडकीचा वारा लागून वडी वरून सुकते, आतून ओलीच राहते, म्हणून तडकते; खिडकी लावून घ्या. बाई गोड आहेत. आता समोरच्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्याकडेही त्याची अडचण बघायला जाणार आहेत.

खिडकी कधीपासून उघडी ठेवता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हवेसाठी असते. खोटं बोलले. तू नोकरीसाठी गेलास त्या दिवसापासून उघडी आहे. शाळेतून येताना तू कोपऱ्यावरून आधी तिच्याकडे बघायचास. बंद दिसली तर ताई घरी नाही म्हणून परत फिरशील, असं मला वेड्यासारखं वाटतं. अजून लावलेली नाही. हात वर जातो आणि तिथेच राहतो. फार आठवण येते रे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मला वाटायचं, मीच एकटा त्या खिडकीकडे बघतो.

ताई, ती लाव. आजच लाव. रजा मंजूर झाली आहे, महिनाअखेरीस येतो. कोपऱ्यावर वळून वर बघीनच, सवय कुठली जायला? खिडकी बंद दिसली की समजेन, आत वड्या निवांत वाळताहेत आणि ताई घरीच आहे.

मग दार वाजवीन. लहानपणी वाजवायचो तसंच, दोन्ही हातांनी.

भेटीपर्यंत लोभ राहू दे, भेटीनंतर ओरड.

तुझा धांदल्या