अप्पांचा समुद्र तिसऱ्या मजल्यावर

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. टेलिफोन हे साधन दुर्वार्ता आणि राँग नंबर यांच्यासाठीच असून घरातले राजकारण पत्रानेच करावे, हा अप्पांचा दंडक तुला ठाऊक आहे. शिवाय फोनवर तू माझे एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचू देत नाहीस. म्हणून हा पत्रप्रपंच.

शुभवर्तमान असे की, प्रदीर्घ वाटाघाटींनंतर आपल्या तीर्थरूपांनी आमच्याकडे राहावयास येण्याला तत्त्वतः मान्यता दिली आहे. 'तत्त्वतः' हा शब्द विमा कंपनीत बसून लोकांच्या दाव्यांना उत्तरे लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला किती भयावह वाटतो, हे तुला सांगायला नको. न्हाणीघरात ते घसरून पडले तेव्हापासून त्या तळमजल्यावर त्यांना एकटे ठेवणे तुझ्या-माझ्या झोपेला परवडत नाही. परंतु त्यांची अट अशी की, आधी त्यांची माशांची टाकी जाईल. ती नव्या जागी नीट बसली की मगच ते प्रस्थान ठेवतील. बसली म्हणजे काय, अशी पृच्छा केली असता पाणी स्थिर, मासे खाते आणि प्रवाळ फुललेले, अशी त्रिसूत्री सांगण्यात आली. मुदत विचारताच समुद्राला तारखा देत नसतात, असे उत्तर मिळाले.

आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात अभियंता राहून गावाला गोडे पाणी पाजणाऱ्या या गृहस्थाला निवृत्तीनंतर दिवाणखान्यात खारे पाणी साठवण्याची बुद्धी का झाली, हे सृष्टीच्या गूढांपैकी एक होय. सांप्रत त्या क्षारसागरात क्लाउनफिश या पट्टेदार माशांचे एक दांपत्य, एक संशयी स्वभावाची कोळंबी, काही प्रवाळ आणि पुष्कळ ओबडधोबड दगड यांचा निवास आहे. दांपत्यापैकी पत्नी पतीच्या दुप्पट असून पती तिच्या मागून मान खाली घालून फिरतो. निसर्गाची ही व्यवस्था तुझ्या वहिनीला मनापासून पटलेली आहे.

येत्या रविवारी सागराचे स्थलांतर. मदतीला आत्या येणार आहेत. रुग्णालयाच्या मेट्रनपदावरून निवृत्त होऊनही ज्यांच्यापुढे अप्पा अद्याप नखे दाखवायला हात पुढे करतात, त्या आत्या. मला भीती एकच वाटते. टाकीला काही झाले, तर अप्पांना न येण्याचे सबळ कारण मिळेल आणि ते त्या रिकाम्या खोल्यांत सुखाने घसरत राहतील.

जावईबापूंस आदरपूर्वक नमस्कार. लोभाचे खाते चालू ठेवावे, त्यात खंड पडू देऊ नये.

तुझा,
दादा


दि. ७ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. पेशंट तोंड उघडून बसला होता आणि मी हसत होते, त्यामुळे त्याला वाटलं की त्याच्या दाताचंच काहीतरी चाललंय. पुढच्या वेळी पाकिटावर धोक्याची सूचना लिही.

आता जरा कामाचं. अप्पांनी परवा मला फोन केला, म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे ही दुर्वार्ता समज. अर्धा वेळ ते मिठाच्या प्रमाणाबद्दल बोलले. मग मध्येच विचारलं, दादाकडे सकाळी पहिली अंघोळ कोणाची असते. त्यांची हत्यारांची पेटी कुठे राहील. तुमच्याकडचा नळ गळला तर कोण दुरुस्त करतं. मी म्हटलं, प्लंबर येतो. त्यावर त्यांनी प्लंबर किती घेतो ते विचारलं. मग म्हणाले, मग मी तिथे काय करणार, सोफ्यावर बसून चहा घेणार का.

दादा, तू त्यांना उत्तम खोली देतो आहेस, कपाट देतो आहेस, वहिनी तर त्यांच्या पथ्याचं सगळं शिकून बसली आहे. पण हे सगळं आपण पाहुण्याला देतो. त्यांना पाहुणं व्हायचं नाहीये. टाकी कधी बसेल हे तेच ठरवणार असतील, तर ती बसायला किती काळ लागेल, याचा हिशेब तूच कर.

आत्यांना न्हाणीघरापासून लांब ठेव. मागच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी माझी टूथपेस्टची ट्यूबसुद्धा बाहेरून घासली होती.

वहिनीला नमस्कार, आणि माझ्या वाटणीची थोडी चिडवाचिडवीही. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा सल्ला यथायोग्य होता. तो पोहोचेपर्यंत आत्या न्हाणीघरात पोहोचल्या होत्या.

घटनाक्रम असा. शनिवारी संध्याकाळी अप्पांनी आत्यांना समोर बसवून टाकीचे शास्त्र कथन केले. त्यातील सार असे की, टाकीचा खरा प्राण मासे नव्हेत, दगड. त्यांच्या प्रत्येक छिद्रात कोट्यवधी जिवाणू राहतात, ते माशांची घाण खातात आणि पाणी शुद्ध ठेवतात. जंतूंचा निःपात करण्यात जिने सबंध हयात वेचली, त्या स्त्रीला दगड जंतूंनी गच्च भरलेले आहेत अशी शुभवार्ता आपले वडील अर्धा तास अभिमानाने सांगत होते. आत्या पापणी न लववता ऐकत होत्या.

रविवारी प्रस्थान झाले. जुने खारे पाणी कॅनमधून, दांपत्य झाकणाच्या बादलीतून, प्रवाळ तुझ्या वहिनीच्या डब्यांतून आणि रिकामी काच दोन हमालांच्या खांद्यांवरून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आली. प्रत्येक वळणावर तुझी वहिनी उशी घेऊन उभी होती. काच तिच्यावर आदळली असती तर काचेला इजा होऊ नये, हा उद्देश. अप्पा मात्र जुन्या घरीच थांबले. त्यांनी माझ्या हाती दगडांच्या मांडणीचा नकाशा दिला आणि दार लावून घेतले.

दगडांचा टब न्हाणीघरात ठेवला होता. आत्यांनी आतून कडी लावली. तासाभराने दार उघडले तेव्हा कढत पाण्याच्या वाफेतून ते दगड प्रकट झाले. तुझ्या व्यवसायातली उपमा द्यायची तर, नुकत्याच बसवलेल्या कवळीसारखे. आता एकही जंतू शिल्लक नाही, असे आत्यांनी जाहीर केले. आणि मी, एका जबाबदार विमा कंपनीचा अधिकारी, त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून ते दगड नकाशाबरहुकूम टाकीत रचले.

सकाळी समुद्राचे दूध झाले होते. दांपत्य पृष्ठभागाशी येऊन आ वासत होते आणि पतिराज एका कुशीवर कलले होते. मी अप्पांना फोन केला. दंडकाचा इतका काटेकोर सदुपयोग मी आजवर केला नव्हता. त्यांनी फक्त दगडांचा रंग विचारला. लख्ख, असे मी म्हणालो. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

थोड्याच वेळात ते टॅक्सीने आले. पायांत घरातल्या सपाता, शर्टाचे एक बटण चुकलेले, एका हातात तपासणीच्या बाटल्या, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. आत्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. माशांना जुन्या पाण्याच्या टबमध्ये हलवले, एका समव्यसनी मित्राकडून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले जिवंत दगड मागवले आणि मग आम्हा सर्वांना उभे करून सांगितले की, पुढचे कित्येक आठवडे रोज पाणी तपासावे आणि बदलावे लागेल, आणि या घरात ते काम करण्याच्या लायकीचे कोणीही नाही.

सद्यःस्थिती. माझे लिहिण्याचे टेबल गॅलरीत हद्दपार झाले असून तिथे पंप बसले आहेत. स्वयंपाकघरातला वजनकाटा मिठासाठी जप्त. माझी नियुक्ती बादलीवाहक या पदावर झाली असून काल पाणी सांडल्याबद्दल मला ताकीद मिळाली. तुझ्या वहिनीने घरात 'राहणे' या क्रियापदाच्या वापरावर बंदी घातली आहे. अप्पांना कोणी काही विचारायचे नाही. विचारले तर ते जातील.

पतिराज अजून काही खात नाहीत. तेवढी काळजी आहे. सर्वांना यथायोग्य, आणि आमच्यावरची मर्जी भरतीच्या खुणेखाली जाऊ नये.

तुझा,
दादा (बादलीवाहक)


दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि एक गोष्ट मनात सलत राहिली. म्हणून आत्यांना फोन लावला. मीही रोज अवजारं निर्जंतुक करते, दादा. कुठला जंतू मारायचा आणि कुठला ठेवायचा, हे नर्सिंगच्या पोरींना शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईला अर्धा तास नीट समजावल्यावर कळलं नाही, हे मला पटेना.

आधी त्या माझ्या सर्दीबद्दल बोलल्या. मग माझ्या नवऱ्याच्या वजनाबद्दल. मी नेट लावला तेव्हा म्हणाल्या, "पाहुणा म्हणून तो मेला तरी आला नसता. बघायला पेशंट असला म्हणजे येणं भाग पडतं."

मग त्यांचा आवाज बारीक झाला. मासे इतके हाल खातील असं वाटलं नव्हतं, म्हणाल्या. वाटलं होतं, पाणी जरा बिघडेल, तो रागावून येईल आणि दुरुस्त करील. तो धाकटा मासा खायला लागला का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. झोप लागत नाही म्हणतात. हे अप्पांना कळता कामा नये, अशी मला शपथ घातली आहे. तुला सांगते आहे, कारण तू बादलीवाहक आहेस आणि बादलीवाहकाला कोणी काही विचारत नाही.

आत्यांना एक ओळ लिही. रागवायचं नंतर बघू. वहिनीला सांग, त्या क्रियापदावरची बंदी उठवू नको. दूर आहे म्हणून विसरू नये, इतकंच मागणं.

तुझी,
धाकटी


दि. २ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वि. वि. दादा पत्रात फार शब्द घालतो म्हणून मीच लिहीत आहे.

लहान मासा मंगळवारपासून खातो. आधी फक्त मादीच्या तोंडून सुटलेले कण घेत होता, आता स्वतः पुढे येतो. आक्काला, म्हणजे तुमच्या आत्याला, तसे कळवले. फोनवर तिने नाक पुसल्याचे ऐकू आले. तिला वाटते, मला समजलेले नाही. ती माझी थोरली बहीण आहे. लहानपणी मी औषध घेईना तेव्हा तिने काय काय केले, हे मला आठवते. माशांबाबत मी तिच्यावर अजून रागावलेला आहे आणि काही दिवस राहीन. तू तिला यातले काही सांगू नकोस.

इथली व्यवस्था बरी आहे. नळ तीन गळत होते, प्लंबरने तिन्ही ठिकाणी वॉशर उलटा बसवलेला होता. आता गळत नाहीत. सूनबाई वजनकाटा परत मागते. नवा आणून देईन, हा मिठाचा झाला. दादा बादली अजून काठोकाठ भरतो.

मी तात्पुरता आलो आहे, हे सर्वांना माहीत आहे. टाकी बसली की पुढचे पाहू.

काल मित्राने फांदीच्या प्रवाळाचा एक तुकडा दिला, नखाएवढा. मधल्या मोठ्या दगडावर, उजेड नीट मिळेल अशा ठिकाणी, कायमचा चिकटवून टाकला आहे. हा प्रवाळ फार सावकाश वाढतो. तळहाताएवढा व्हायला कित्येक वर्षे जातात. आणि तोवर टाकी हलवता येत नाही.

जपून असावे. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

तुझे,
अप्पा